मोहळमायेची वाट

सातव्या काचघराचं छप्पर फोडून एक बूट खाली आला. बुटात पाय होता.

टिटवी त्या वेळी शिडीच्या आठव्या पायरीवर उभी होती. डाव्या हातात परागाची डबी, उजव्या हातात कुंचला, आणि नाकासमोर सफरचंदाच्या फुलांचा घोस. काचेचे तुकडे तिच्या टोपीवरून, खांद्यावरून खळ्ळकन खाली गेले. तिने डोळे मिटले, उघडले, वर पाहिलं. बुटाच्या वर गुडघा होता, गुडघ्याच्या वर छप्पर, आणि छपराच्या वर कुणीतरी कण्हत होतं.

“अहो,” ती म्हणाली, “खाली तरी या, नाही तर वर तरी जा. मधेच काय लटकलाय?”

“वर जायचाच प्रयत्न चाललाय...” वरून आवाज आला. “तुमची शिडी जरा — इकडे सरकवता येईल?”

“शिडीवर मी आहे.”

“मग उतरा की.”

“माझी तेवीस फुलं राहिलीत.”

मग तोच आवाज, अगदी समजूतदारपणे — “बरं. तेवीस होईपर्यंत थांबतो मी.”

टिटवीला हसू आलं. तिने सहा फुलं केली, सतरा तशीच ठेवली आणि शिडी सरकवली.

खाली उतरला तो तिच्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठा असेल. कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्यात पक्कड आणि काच कापायची लेखणी, नडगीवर लांबलचक ओरखडा, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू छपरातून येणं हीच शहरातली रीत. नवा काचवाला होता तो. जुना म्हातारा झाल्यापासून छपरांकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

“हलू नका. केसांत काच आहे,” टिटवी म्हणाली. बोटं कापली असती, म्हणून तिने कुंचल्यानेच त्याच्या केसांतले कण अलगद झटकले. तो श्वास धरून उभा राहिला. फुलांनी घाबरू नये म्हणून केलेला तो मऊ कुंचला त्याच्या कपाळावरून एकदा उगाचच जास्त फिरला... निदान तिला तरी तसं वाटलं. दिवसभर तो एक पिवळी भुवई घेऊन हिंडला. त्याला कुणी सांगितलं नाही, आणि तिने तर मुळीच नाही.

त्या शहरात किडामुंगी उरली नव्हती. धुळीची वर्षं आली, फवारे आले, आणि एका वसंतात फुलं आली पण फळंच धरली नाहीत. मग पुरवठा खात्याने शहराच्या कडेला काचघरं बांधली. आत झाडं, वर काच, बाहेर धूळ. मधमाश्यांचं काम माणसांकडे आलं. एकेका फुलातला पराग कुंचल्याने दुसऱ्या फुलाला लावायचा, दिवसाला दोन हजार फुलं. फळ मिळायचं ते खात्याच्या कार्डावर. ज्याच्या हातात फळ, त्याच्या हातात शहर... हे कुणी मोठ्याने बोलत नसे, पण शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

कुंचलेवाल्या सगळ्या डोंगरातल्या. “तुमचे डोंगर मेले, वरची हवा विषारी झाली,” असं सांगून खात्याने त्यांना खाली आणलं तेव्हा टिटवी तीन वर्षांची होती. आईबाप त्याच वर्षी तापाने गेले. मामाने वाढवलं. खालच्या वस्तीत आता डोंगरातली एकोणीस माणसं उरली होती; बाकीची दूरच्या काचघरांवर पांगली होती. कामावर डोंगरी बोली बोलायला बंदी होती. जुन्या गोष्टी सांगायलाही. काचघराच्या भिंतीवर नियमांची पाटी होती, त्यात अकरावा नियम असा: खोटी आशा पसरवू नये.

टिटवी हे नाव मामाचं. “आभाळ पडू नये म्हणून टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात,” तो सांगायचा. “आमची तोंड चालू ठेवून झोपते.”

फुटलेली काच बसवायला अर्धा दिवस पुरे. काचवाल्याला अकरा दिवस लागले आणि तरी ती बसली नाही. आज कापलेली आखूड निघायची, उद्या आणलेली लांब. मधल्या वेळात तो आजूबाजूच्या काचा ठोकून बघत छपरावर हिंडत राहायचा.

जाड काचेतून आवाज खाली पोचत नसे. पण काचेवर बाहेरून धूळ होती. दुसऱ्याच दिवशी टिटवीने मान वर केली तर तिच्या डोक्यावरच्या काचेवर बोटाने काहीतरी लिहिलेलं. अक्षरं सगळी उलटी, आरशातल्यासारखी. मान वाकडी करकरून तिने वाचलं: पाय बरा आहे. ती इतकी हसली की शेजारच्या झाडावरची बाई शिडीवरून वाकून बघायला लागली.

तिसऱ्या दिवशी तो उलटं लिहायला शिकून आला होता. आता खालून अक्षरं सरळ दिसत होती. लिहिलं होतं: तु खुप हसतेस.

दुपारी काचघरात झाडांसाठी धुकं सोडायचे. बारीक नळ्यांतून पांढरं, गार धुकं उतरायचं, पानांवरून थेंब निथळायचे, काचा आतून ओल्या व्हायच्या. टिटवीने पाऊस असा कधी पाहिलाच नव्हता. हाच तिचा पाऊस. ती शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढली आणि ओल्या काचेवर बोटाने लिहिलं — उलटं, म्हणजे त्याला सरळ दिसेल असं: ‘तू’ दीर्घ असतो. ‘खूप’सुद्धा.

काचेपलीकडे तो पालथा झोपून वाचत होता. लाजला. मग काही न लिहिता निघून गेला. टिटवीचा जीव खाली-वर झाला. शाळेत शुद्धलेखनात पहिली येण्याचा तिला इतका पश्चात्ताप कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा काचेवर एकच अक्षर होतं. ‘तू’. आणि त्याचा ऊकार — तो खाली उतरत, वळत, लांबत, एक काच ओलांडून दुसऱ्या काचेवर, तिथून तिसऱ्या काचेवर गेला होता.

त्या दिवशी टिटवीची चारशे फुलं कमी भरली.

“काच आहे का नवऱ्या मुलाचा कोट?” मुकादमीणबाईंनी त्याला फैलावर घेतलं. “किती मापं घेशील?”

मुकादमीणबाई म्हणजे त्याची सख्खी आत्या. आईबापामागे तिनेच त्याला वाढवलं, तिनेच हे काम चिकटवून दिलं. बाई मोठी कडक. वीस वर्षं सातव्या काचघराची हजेरी घेत होती. घड्याळ चुकलं तर लोक घड्याळाला दोष द्यायचे, बाईंना नाही.

“आत्या, चौकट वाकलीय,” तो म्हणाला.

“चौकट वाकलीय का तुझी मान?” आत्या म्हणाली आणि चष्मा पुसत निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीत ती दोघं पाण्याच्या टाकीमागे बसू लागली. तिथे पंपाची घरघर असायची, त्यामुळे बोललेलं तिसऱ्याच्या कानावर जात नसे. एकदा त्याने विचारलं, “तुमच्याकडे गोष्टी असतात म्हणे?”

“असतात. सांगायच्या नसतात.”

“मग नको सांगू.”

तिने डब्यातला घास खाल्ला. दुसरा उचलला, ठेवला. “...आता तू नको म्हणालास म्हणून सांगते.”

आणि तिने सांगितली. आधी सगळा डोंगर नुसता उघडा कातळ होता. त्या कातळाच्या पोटात मोहळमाय राहायची. ती गुणगुणायला लागली की दगडाला फट पडायची, फटीतून झाड यायचं, झाडाला फूल. माणसं आली, त्यांना तिने फळं दिली. मग एका माणसाला वाटलं, हिचं गुणगुणणं आपल्या एकट्याकडे असावं. त्याने तिला मडक्यात कोंडलं आणि तोंड लिंपलं. मडक्यात ती गप्प झाली. सगळी फुलं गळाली. तेव्हा त्या माणसाच्या मुलीने मडकं फोडलं. मोहळमाय उडून कातळात गेली, जाताना म्हणाली, “मला हाका मारू नका. माझी वाट तेवढी उघडी ठेवा.” तेव्हापासून डोंगरातल्या प्रत्येक घराच्या भिंतीत एक भोक ठेवायचे. थंडी आली, वारा आला, तरी ते बुजवायचे नाहीत.

“खाली आणल्यावर आम्हाला सिमेंटच्या खोल्या दिल्या,” टिटवी म्हणाली. “मामाने पहिल्याच दिवशी भिंत टोकरायला घेतली. तर दंड झाला.”

ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. आता हा हसेल, तिला वाटलं. शहरातली मुलं हसतात.

“किती मोठं?” त्याने विचारलं.

“काय?”

“भोक. किती मोठं ठेवायचे?”

तिने मूठ मिटून दाखवली. त्याने ती आपल्या हातात घेतली, नीट फिरवून पाहिली, काचवाल्याने माप घ्यावं तशी. आणि माप घेऊन झालं तरी सोडली नाही. पंप घरघरत राहिला. टिटवी, जिचं तोंड झोपेतही बंद नसे, ती सुट्टी संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

बाराव्या दिवशी सकाळी तिने आवाज ऐकला. आधी वाटलं, पंप बिघडला. मग वाटलं, आपल्याच कानात काहीतरी आहे. मग तो आवाज तिच्या मनगटाजवळून गेला आणि समोरच्या फुलावर बसला.

तपकिरी, केसाळ, इवलीशी. मागच्या पायांना परागाच्या पिवळ्या पोटल्या. टिटवी एका फुलाला कुंचला लावीपर्यंत तिने तीन फुलं केली, चौथ्यात डोकं घातलं, बाहेर काढलं, अंग झाडलं, पाचव्यावर गेली. टिटवीच्या हातातली डबी निसटून खाली पडली.

तिने वर पाहिलं. काचवाला फुटलेल्या चौकटीतून डोकं आत घालून बघत होता. त्याच्या प्रेमाच्या दिरंगाईने उघडी राहिलेली ती चौकट... माशी तिथूनच आली होती.

“ही... तीच का?” तो कुजबुजला.

टिटवीचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदम.

“काय चाललंय?” शिडीखाली मुकादमीणबाई उभ्या होत्या.

कुणी काही बोललं नाही. माशी मात्र बोलली. गुणगुणत बाईंच्या डोक्यावरून गेली, परत आली, खालच्या फांदीवर बसली. किडा दिसला की त्याच घटकेला कळवायचं, चोवीस तासांत काचघर बंद करून विषाचा फवारा मारायचा, असा खात्याचा हुकूम होता. कळवलं नाही तर काम जायचं, कार्डही जायचं. त्यात डोंगरातल्या मुलीच्या झाडावर किडा निघाला, तर सगळ्या वस्तीवरच बालंट आलं असतं.

बाई पुष्कळ वेळ त्या फुलाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

“आज चष्मा घरी राहिला वाटतं माझा,” त्या म्हणाल्या. “मला काही दिसलं नाही. पण उद्या तपासनीस येतोय. त्याचा चष्मा चांगला आहे.” त्यांनी वर भाच्याकडे पाहिलं. “संध्याकाळपर्यंत काच बसली पाहिजे. आता चौकट वाकलेली चालायची नाही.”

मामाला बोलवायला निमित्त होतंच. कुंचले बांधण्याचं काम त्याचं. नव्या कुंचल्यांची जुडी घेऊन तो लंगडत आला. खाली येण्याआधी त्याने उभा जन्म दोरावर लोंबकळत कड्यावरचा मध काढला होता. माशी पाहिल्यावर तो रडेल असं टिटवीला वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, “साखर आहे का?”

डबीच्या झाकणात साखरेचं पाणी केलं. माशी प्यायला बसली तेव्हा मामाने काडीच्या टोकाने तिच्या पाठीवर खडूचा पांढरा ठिपका दिला. त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. “आता ही घरी जाईल. पोरा, तू वर राहा. कुठल्या दिशेला जाते तेवढं बघ.”

“आणि मग?”

“मग परत येईल. गोड सापडलं की घरच्यांना सांगून आल्याशिवाय हिला चैन पडत नाही. आमच्या टिटवीसारखीच.”

माशी उघड्या चौकटीतून गेली. मामा डोळे मिटून बसला. टिटवी नखं कुरतडत बसली. पाऊण तासाने गुणगुण आली आणि पांढरा ठिपका झाकणावर उतरला.

“दोन कोस,” मामा म्हणाला. “फार तर अडीच. पोरा, दिशा?”

“वाळूची खाण,” छपरावरून उत्तर आलं. “खाणीच्या मागची डोंगरांची रांग.”

मामाने वर पाहिलं. “मेलेत म्हणाले होते...” तेवढंच तो बोलला.

संध्याकाळी माशी शेवटची बाहेर गेली आणि काचवाल्याने काच बसवली. एका फटक्यात, मापात, तसूभरही कमी-जास्त नाही. टिटवी खालून बघत होती. काच बसली तसा त्याचा आवाज मध्येच तुटला. तो काहीतरी म्हणत होता, पण तिला फक्त ओठ दिसले. दुसऱ्या दिवसापासून त्याला चौदाव्या काचघराचं काम लागलं.

सहा दिवस. टिटवीने सहा दिवस वर पाहिलं आणि सहा दिवस वर नुसती धूळ होती. सातव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, वस्तीच्या तोंडाशी एक बॅटरीची गाडी येऊन थांबली.

“काचेला वाळू लागते,” काचवाला म्हणाला. मुखपट्टीवरून त्याचे डोळे तेवढे दिसत होते, पण ते हसत होते. “आठवड्याला एक खेप. परवान्यावर चालक एक, मजूर एक. मजूर मिळत नाहीये मला.”

“मजुरी काय?”

“दिवसभर तुझं बोलणं ऐकेन.”

“अरे बापरे,” टिटवी म्हणाली आणि गाडीत चढली, “मग तर तुझाच तोटा.”

वाळूच्या खाणीपाशी पाटी होती: पुढे हवा विषारी. त्यांनी गाडी तिथे ठेवली आणि पाटीच्या पलीकडे पाऊल टाकलं. दोन तास चढ. पहिला तास नुसता राखाडी दगड. मग एका फटीत गवताची काडी. मग झुडूप. टिटवीने मुखपट्टीला हात घातला.

“नको!” त्याने तिचं मनगट धरलं. “आधी मी.”

“का म्हणून? डोंगर माझा आहे.”

“म्हणूनच... तुला काही झालं तर —” तो थांबला. तिने त्याच्या डोळ्यांत बघत बघत पट्टी खाली ओढली आणि छाती भरून श्वास घेतला. तो पांढराफटक पडून उभा. तिने दुसरा श्वास घेतला, तिसरा घेतला, आणि मग हळूच हात वर करून त्याचीही पट्टी उतरवली.

“कसला वास आहे हा?” त्याने विचारलं.

“ओला,” ती म्हणाली. दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता.

कड्यापाशी पोचायच्या आधीच त्यांना तो आवाज ऐकू आला. गुणगुण म्हणावी तर कानाला वाटेना, पायांना वाटत होती. वळण घेतलं आणि समोर कातळ. कातळाच्या पोटाखाली एकापुढे एक लोंबणारी मोहोळं, काळीभोर, जिवंत, वाऱ्याने पाणी हलावं तशी हलणारी. खाली उताराला पांढरी, निळी, नाव माहीत नसलेली फुलं. त्यांना कुणी कुंचला लावलेला नव्हता. शेजारी दोन-तीन घरांचे पडके चौथरे. एका उभ्या भिंतीत मुठीएवढं भोक.

टिटवी खाली बसली. त्याने तिच्या शेजारी बसून तिचा हात घेतला.

“आमची माणसं इथे राहू शकतील,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“खात्याला कळता कामा नये. कळलं तर इथेही फवारे आणतील.”

“एकेक मजूर,” तो म्हणाला. “आठवड्याला एक. मी आणेन.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. विचारावंसं वाटत होतं — आणि तू? पण त्याला शहर होतं, आत्या होती, हातात कला होती. कुणाला असं सगळं सोड म्हणायचा आपल्याला काय हक्क? म्हणून तिने वळसा घालून विचारलं, “तुला आवडली का ही जागा?”

“फार,” तो म्हणाला. मग त्याला वाटलं, आपण परके, यांच्या घरी आगंतुकासारखं कसं घुसायचं... म्हणून हसून म्हणाला, “पण इथे काचेचं काय काम?”

त्याने ते विनोद म्हणून म्हटलं. तिने ते उत्तर म्हणून ऐकलं. आणि उतरताना सगळी वाट ती खूप बोलली, म्हणजे महत्त्वाचं काही बोलावं लागू नये.

पहिल्या खेपेला मामा गेला. दुसऱ्या खेपेला शेजारची विधवा मावशी, तिसऱ्या खेपेला तिचा मुलगा. झाडांची फुलं गळून बारीक हिरवी फळं धरली.

चौथ्या आठवड्यात मुकादमीणबाईंनी टिटवीला बाजूला घेतलं. “मामा दिसत नाही तुझा?”

“आजारी आहे. गुडघा...”

“शेजारीण?”

“तिचाही गुडघा.”

“हं. गुडघ्याची साथ पहिल्यांदाच ऐकतेय.” बाईंनी हजेरीचा कागद उघडला. बाईंनी मामाचा क्रमांक मोठ्याने पुकारला. काचघरात कुणी ‘ओ’ दिली नाही. तेव्हा बाईंनी स्वतःच, शांतपणे, “हजर,” म्हटलं आणि खूण केली. मग शेजारणीचा पुकारला. “हजर.” मग तिच्या मुलाचा. “हजर.”

वीस वर्षांत त्या हजेरीत एक खोटी खूण नव्हती. टिटवीने काही म्हणायला तोंड उघडलं तर बाई म्हणाल्या, “लहानपणी आमच्या खिडकीशी एक मोहोळ होतं. दुपारी झोपताना आवाज यायचा.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “वर... येतो का गं तसा आवाज?”

“येतो, बाई.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “जा, कामाला लाग.”

दर आठवड्याला काचवाला विचारायचा, “या खेपेला तू?” आणि ती म्हणायची, “मी शेवटी.” लोकांना वाटायचं, पोरगी धीराची. खरं कारण तिला एकटीलाच माहीत होतं. वर गेली की तो दिसायचा नाही. म्हणून ती एकेक आठवडा असा वाचवत होती.

फळं लाल झाली. वस्तीत ती एकटी उरली. मग तोही आठवडा आला.

हद्दीच्या फाटकावर नवा शिपाई होता. त्याने परवाना उलटापालटा करून पाहिला. “मजूर बंद,” तो म्हणाला. “कालपासून नवा हुकूम. खाणीवर नेलेल्या मजुरांच्या परतीच्या नोंदी सापडत नाहीत. आता फक्त घरचं माणूस सोडायचं.”

टिटवीने वस्तीच्या दिशेला पाहिलं. मागे वळावं तर वस्तीत एकटी. आज ना उद्या कुणीतरी विचारणारच, बाकीचे अठरा कुठे गेले.

“घरचंच आहे,” काचवाला म्हणाला.

“कोण लागते?”

“बायको.”

शिपायाने टिटवीकडे पाहिलं. तिचे कान लालभडक झाले होते. “खरं का हो, बाई?”

“खरं तर...” टिटवीच्या तोंडून निघून गेलं, “पण यांनी मला अजून नीट विचारलेलं नाहीये.”

शिपाई हसला. त्याला वाटलं, नवराबायकोचं रुसणं-फुगणं चाललंय. “घरी जाऊन भांडा,” असं म्हणत त्याने फाटक उघडलं.

गाडी धुळीत शिरली.

“तू खोटं बोललास,” टिटवी म्हणाली.

“थोडंसंच.”

“आता परत जाताना काय सांगशील? बायको कुठे हरवली म्हणून?”

तिचं लक्ष बॅटरीच्या काट्याकडे गेलं. अर्धी बॅटरी संपली की मागे फिरायचं, नाही तर परतीला पुरत नाही. आज ती चार्ज न करताच काढली होती. काटा केव्हाच अर्ध्याच्या खाली गेला होता.

“अरे — काटा बघ!”

“बघितला.”

“परत कसा जाशील?”

“नाही जाणार,” तो म्हणाला. समोर बघूनच, जणू वाळूच्या वजनाबद्दल बोलत होता. “मागे पिशव्या आहेत दोन. एक माझ्या कपड्यांची. दुसरीत आत्याने डबा दिलाय. दोघांचा.”

टिटवीने मागे वळून पाहिलं. होत्या पिशव्या. “आणि आत्या?”

“चल म्हटलं तिला. म्हणाली, मी आले तर हजेरी कोण घेईल? उद्या लिहिणार आहे, वादळात गाडी हरवली. बाकीच्यांचंही हळूहळू बसवेल. म्हणाली, वीस वर्षं खरंच लिहिलंय, माझ्या अक्षरावर कुणी संशय घेणार नाही.” त्याचा स्वर ओला झाला होता. “रडली नाही. चष्मा मात्र चार वेळा पुसला.”

टिटवीने त्याच्या बाहीवर हात ठेवला. “पण तू तर म्हणाला होतास, डोंगरात काचेचं काय काम...”

“अगं, ते मी हसण्यावारी म्हटलं होतं! तू म्हणशील, काचेचं नाही पण तुझं आहे. तर तू जी बोलत सुटलीस — दगडांबद्दल, गवताबद्दल, त्या मावशीच्या दातदुखीबद्दल...”

“मामाला विचारावं लागेल,” ती घाईने म्हणाली.

“विचारलं. पहिल्याच खेपेला.”

“काय? आणि तो काय म्हणाला?”

“म्हणाला, माझी ना नाही. पण पोरगी बोलते फार. तुझी पाळी येईपर्यंत थांबायची तयारी ठेव.”

“आणि तू इतके आठवडे गप्प बसलास?”

“पाळीच आली नाही ना माझी!”

टिटवी हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, मग तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि डोळ्यांनी खूण केली — बोल.

त्याने गाडी थांबवली. मुखपट्टी काढली. आणि जे विचारायचं होतं ते विचारलं. साध्या शब्दांत, दोनदा अडखळून. तिने हात खाली घेतले आणि “हो” म्हटलं. एवढंच. त्यापुढे तिने काहीही जोडलं नाही.

खाणीच्या पाटीपाशी मामा काठी टेकून वाट बघत उभा होता. गाडी थांबली, दोघं उतरली. मामाने एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या. मग तिच्या हातातली पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि दुसरी भाचजावयाच्या हातात तशीच राहू देऊन चढ चढायला लागला.